सूनबाईच्या पदवीचं वेळापत्रक

१२ जानेवारी

सूनबाई,

पाकीट उघडून आधी खालची सही बघितली असशील आणि कपाळाला आठ्या घातल्या असशील. खुशाल घाल. पण फाडू नकोस, पत्र कामाचं आहे.

फोन का नाही केला, तर फोनवर माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे. अख्खी नोकरी बस आगारात गेली, नियंत्रकाच्या खोलीत बसून भोंग्यावर गाड्या पुकारण्यात. साधं 'कशी आहेस' विचारलं तरी समोरच्याला वाटतं आपली गाडी चुकली. कागदावर माझा आवाज त्या मानाने बरा असतो.

तुझी नणंद परवा येऊन गेली. तुम्ही दोघी फोनवर बोलता हे मला माहीत आहे, त्याबद्दल राग नाही. खोदून खोदून विचारलं तेव्हा ती बोलली. तू रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीवर बसतेस. आता तिथला सगळा कारभार संगणकावर चाललाय, त्यासाठी नवा विभाग निघालाय आणि तिथे दिवसपाळी आहे. तुझ्या हाताखाली शिकलेली पोरं तिकडे जाऊन बसली आणि तू पदवी नाही म्हणून खिडकीवरच राहिलीस. रात्रपाळी आली की बटणला शेजारच्या बाईंकडे झोपवतेस. आपली सहा वर्षांची नात दुसऱ्याच्या घरात झोपते हे ऐकून तुझ्या सासूबाई जेवल्या नाहीत. मी जेवलो, पण काय जेवलो ते सांगता येणार नाही.

नणंद म्हणाली, तू 'माहिती प्रणाली' या विषयाची पदवी शोधते आहेस. ती अशी हवी की पैसा पाण्यात जाणार नाही, नोकरी सांभाळून करता येईल आणि जिचा कागद रुग्णालयवाले मानतील. आणि तुला चौकशीला सवड नाही. तर हे काम माझ्यावर सोड. निवृत्त माणसाकडे दुसरं काही नसलं तरी पाय असतात आणि दिवस असतो.

मी हे कसं करणार तेही सांगतो, म्हणजे तुला भरवसा वाटेल. लोकांना वाटतं, बसचं वेळापत्रक आगारातून पहिली गाडी सुटते तिथून लिहायला घेतात. तसं नाही. शेवटच्या थांब्यावर गाडी केव्हा पोचली पाहिजे ते आधी लिहायचं. तिथे शाळेची घंटा असते, कारखान्याची पाळी असते. तिथून मागे मागे येत आगारापर्यंत पोचायचं. उलट्या बाजूने लिहिलं की गाडी वेळेवर सुटते आणि माणसं उशिरा पोचतात. तुझं कॉलेजही मी शेवटच्या थांब्याकडून मागे येत शोधणार.

दोन वर्षांपूर्वी दारात जे झालं त्याबद्दल मी यात एक अक्षर लिहिणार नाही. तूही लिहू नकोस.

बटणचे पुढचे दात पडले का?

— बाबा (अजून म्हणत असशील तर)


३ फेब्रुवारी

सूनबाई,

तुझं पत्र मिळालं. 'आपण चौकशी केलीत तर आभारी राहीन.' वीज कचेरीला मीटरच्या तक्रारीचं पत्र यापेक्षा मायेने लिहितात. असू दे. दात पडल्याचं कळवलंस, तेवढ्यावर तुझ्या सासूबाईंचे चार दिवस बरे गेले.

आता काम. तीन ठिकाणं बघितली.

पहिलं ते काचेचं कॉलेज. आमच्या गाड्यांच्या पाठीवर ज्यांची जाहिरात असते ना, टोप्या उडवणारी मुलं, तेच. आत गेल्या गेल्या एका मुलीने मला थंड पाणी, पेन आणि पिशवी दिली. तेव्हाच मी सावध झालो. म्हटलं, ताई, गेल्या खेपेला या विषयाच्या गाडीत चढले किती आणि पदवीच्या थांब्यावर उतरले किती? ती म्हणाली, "काका, आमच्याकडे शंभर टक्के नोकरी लागते." म्हटलं, मी उतरले किती ते विचारतोय. ती म्हणाली, "काका, तुम्ही आधी आमची लॅब बघा." लॅब बघितली. छान गार होती. फी ऐकल्यावर मला आणखी गार वाटलं. तुझी दोन वर्षांची कमाई तिथे ओतली तरी वर्षभराची फी भागणार नाही. पिशवी सासूबाईंनी भाजीला घेतली आहे.

दुसरं, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला एका शाळेच्या इमारतीत विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र आहे. पाटीवर लिहिलंय, 'नोकरी करणाऱ्यांसाठी'. फी सगळ्यांत कमी. मला तिथेच शंका आली. नोकरी करणारे म्हणजे संध्याकाळी येणार, म्हणून मी समोरच्या थांब्यावर जाऊन उभा राहिलो. एक दिवस नाही, ओळीने तीन संध्याकाळी. एक माणूस उतरला असेल तर शपथ. आत एक पहारेकरी आणि एक कुत्रं. ज्या थांब्यावर कोणी उतरत नाही तो थांबा मी माझ्या हाताने नकाशातून काढलेला आहे, एकदा नाही, अनेकदा. हे केंद्र पोकळ आहे. नावावर काट मार.

तिसरं मात्र खरं सोनं. आपल्या आगाराच्या मागचं जुनं कॉलेज. नवा अभ्यासक्रम सुरू झालाय, संध्याकाळचे वर्ग भरतात, फी परवडेल अशी. शिकवणारे चष्मेवाले सर भिडस्त आहेत पण माणूस सरळ वाटला. घरापासून चालत पाच मिनिटं. तू वर्गाला गेलीस की बटण आमच्याजवळ. तिच्यासाठी शाळा गल्लीच्या तोंडाशीच आहे. मागची खोली रिकामी आहेच. हे सगळं जुळून आलं तो निव्वळ योगायोग.

प्रवेश या महिनाअखेरपर्यंत आहे. लवकर कळव.

— बाबा


२० फेब्रुवारी

सूनबाई,

तुझे प्रश्न मिळाले. आकडे घालून, एकाखाली एक. तुझ्या खिडकीवर उभं राहणाऱ्या माणसाला काय वाटत असेल ते मला कळलं.

तू विचारतेस, लग्नाआधी आणि नंतर मिळून कॉलेजची दोन वर्षं पुरी केली होतीस ती इथे धरतील का. आमचा लेक आजारी पडला आणि तू तिसरं वर्ष सोडून त्याच्या उशाशी बसलीस, हे मी विसरलेलो नाही, सूनबाई. या घरात ते कोणीच विसरणार नाही. तू विचारतेस, संध्याकाळच्या वर्गातले किती जण पदवीपर्यंत पोचतात. आणि तू विचारतेस, जागा निघणार आहे ती तुझ्या तिथल्या रुग्णालयात, मग ती नोकरी सोडून इकडे यायचं कशाला.

चष्मेवाल्या सरांना परत जाऊन भेटलो. सविस्तर बोलणं झालं. ते सगळं पुढे कधीतरी नीट लिहीन. आणि रुग्णालयांचं काय, ती इथेही आहेत की. माणसं इथेही आजारी पडतात.

मागच्या खोलीला रंग काढला. आधी पांढरा काढायचा म्हणत होतो, मग फिकट पिवळा घेतला. खिडकीला गज बसवून घेतले, कारण बटण चढते, हे माझ्या लक्षात आहे. तिच्या बापाला मी त्याच खिडकीतून दोनदा खाली उतरवलाय. त्याने शर्टाचं बटण चघळणाऱ्या पोरीचं नाव बटण ठेवलं आणि आम्ही सगळे हसलो, तेही याच खोलीत. लहान टेबल आणलंय. त्याला खण आहे.

सोबत कॉलेजचा अर्ज पाठवतो. मला भरता आलं ते मी भरलंय. तू फक्त सही कर आणि उलट टपाली धाड. फार विचार करू नकोस.

— बाबा


२७ फेब्रुवारी

सूनबाई,

तो अर्ज पाठवू नकोस. सही केली असशील तर फाडून टाक. हे पत्र जलद टपालाने धाडतोय आणि नणंदेला फोन करायलाही सांगितलंय, कारण दिवस थोडे आहेत.

काय झालं ते क्रमाने सांगतो.

परवा दुपारी तुझ्या सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. सहज विचारलं, "सर काय म्हणाले हो शेवटी?" मी म्हटलं, बरंच म्हणाले. त्या म्हणाल्या, "बरंच म्हणजे काय?" मग मला सांगावं लागलं. सर म्हणाले होते की आधीची दोन वर्षं ते धरणार नाहीत, नियमच तसा आहे, पहिल्यापासून सुरुवात. म्हणाले, संध्याकाळच्या वर्गात पहिल्या वर्षी बाकं पुरत नाहीत आणि शेवटच्या वर्षी एका बाकावर सगळे मावतात. आणि म्हणाले, "काका, तुमच्या सूनबाई आत्ता आहेत ती नोकरी सोडणार असतील तर मी त्यांना हा अभ्यासक्रम घ्या असं सांगणार नाही." इतकं स्वच्छ बोलला तो माणूस. आणि मी घरी येऊन तुला रंगाचं आणि टेबलाचं लिहिलं.

सासूबाईंनी हातातली चादर खाली ठेवली. म्हणाल्या, "अहो, तुम्ही सुनेसाठी कॉलेज शोधताय, की नातीला परत आणायला गाडी?"

मी म्हटलं, दोन्ही झालं तर बिघडलं काय?

"आणि मोठे शेवटच्या थांब्यापासून मागे येणार होतात ना? शेवटचा थांबा कोणता धरलात? आपलंच दार की नाही?"

मी ती चादर उचलून तिची घडी घालायला घेतली. तुझा शेवटचा थांबा म्हणजे तुझ्या रुग्णालयातली ती दिवसपाळीची खुर्ची. तू पहिल्या दिवसापासून तेच सांगत होतीस. मी आपल्या उंबऱ्यापाशी गाडी लावली आणि तिथून मागे हिशेब करत बसलो. माझ्या हाताखालच्या कारकुनाने असं केलं असतं तर मी त्याला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं असतं.

एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या शाळेसमोर तीन दिवस उभे राहिलात. आत जाऊन विचारलंत?" विचारलं नव्हतं. थांब्यावर कोण उतरतं ते बघितलं की मला जागेबद्दल सगळं कळतं, अशी माझी आयुष्यभराची समजूत. तेव्हा काल रविवारी दोघं मिळून गेलो. आमच्या आधीच्या बसमधून इतकी माणसं उतरली की वाहकाला खाली उतरून वाट करावी लागली. पहारेकऱ्याने मला ओळखलं. म्हणाला, "काका, आली का त्या दिवशी तुमची पाहुणेमंडळी? तीन दिवस वाट बघत होतात बिचारे." वर्ग रविवारीच असतो, सूनबाई. बाकीचे सहा दिवस ही माणसं आपापल्या घरी, कामावरून आल्यावर, संगणकावर शिकतात. तिथे संध्याकाळी कोण आणि कशाला उतरणार?

मधल्या सुट्टीत पायरीवर एक बाई डबा खात होत्या, त्यांच्याशी बोललो. रुग्णवाहिका कुठे धाडायची ते फोनवर ठरवायचं काम करतात. वय तुझ्याहून जास्तच. मी तोवर समजत होतो, माहिती प्रणाली म्हणजे संगणक दुरुस्ती. त्या हसल्या. म्हणाल्या, "यंत्र दुरुस्त करणारे वेगळे, प्रोग्राम लिहिणारे वेगळे. आम्ही मधले. डॉक्टरला काय हवं, खिडकीवरच्या बाईला काय हवं, औषधवाल्याला काय हवं, ते ऐकायचं आणि यंत्रात ते कसं बसवायचं ते ठरवायचं." मी म्हटलं, म्हणजे नियंत्रकच की. त्या म्हणाल्या, "तसंच म्हणा." तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "हे तर आपली सून आत्ताच करते." मला ते तुला कळवायचं होतं. त्या तुझ्याबद्दल असं बोलल्या.

आता मुद्द्याचं. आधीच्या दोन वर्षांतले जुळणारे विषय हे विद्यापीठ धरतं. गुणपत्रिका दाखवायच्या, मग तुला थेट दुसऱ्या वर्षात घेतील. चालू नोकरीतलं काम प्रकल्प म्हणून चालतं. कागद सरकारी रुग्णालयातही मानतात, त्या बाईंना त्याच कागदावर बढती मिळणार आहे. किती चढतात आणि किती उतरतात ते मी कचेरीत विचारलं. तिथल्या माणसाने फळ्याकडे बोट दाखवलं, सगळं लिहूनच लावलंय. निम्म्याहून जास्त पोचतात. काचेच्या कॉलेजात उत्तराऐवजी पाणी मिळालं होतं, इथे आकडा मिळाला.

आणि त्यांचं एक केंद्र तुझ्या गावी आहे. तुझ्या रुग्णालयापासून दोन थांबे. तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस की तुझ्याही मनात हेच पहिलं होतं, पण मी पोकळ म्हटल्यावर खोडलंस. माझ्या शब्दावर खोडलंस. दोन वर्षं माझ्याशी न बोलता माझा शब्द तू अजून मानतेस हे वाचून मला बरं वाटायला हवं होतं. काल त्या पायरीवर बसून ते आठवलं तेव्हा तसाच उठलो आणि कचेरीत जाऊन प्रवेशाची शेवटची तारीख विचारून आलो.

प्रवेश शुक्रवारी बंद होतो. इकडे यायची गरज नाही. जा आणि नाव घाल.

मागच्या खोलीचा रंग वाळला. चांगला दिसतो.

— बाबा


११ मार्च

सूनबाई,

नणंदेने सांगितलं, तुला प्रवेश मिळाला. दुसऱ्याच वर्षात. तिने फोन ठेवल्यावर तुझ्या सासूबाई आत जाऊन त्याच्या फोटोसमोर काहीतरी पुटपुटल्या. मी मुद्दाम ऐकलं नाही.

नणंदेने दुसरंही सांगितलं. शेजारच्या बाई रविवारी त्यांच्या लेकीकडे जातात. बटणला कुठे ठेवावं हे तुला सुचत नाही. पायरीवरच्या त्या बाई मला हेच म्हणाल्या होत्या. अभ्यासाने कोणी गळत नाही, रविवारने गळतात. कोणाचं मूल, कोणाची म्हातारी. चार वर्ग बुडले की परीक्षेला बसू देत नाहीत. पदवी स्वस्त आहे ती पोचणाऱ्याला. मधे उतरणाऱ्याला सगळ्यांत महाग तीच.

म्हणून एक वेळापत्रक केलंय. या खेपेला नीट केलंय, शेवटच्या थांब्याकडून मागे. वर्ग नऊला, म्हणजे तू पावणेनऊला केंद्राच्या दारात. तेव्हा मी तिथे हवा. त्यासाठी तुमच्या गावच्या बसस्थानकावर मला आठला उतरायला हवं आणि त्यासाठी इथून पहाटेची पहिली गाडी. ती गाडी मीच सुरू करून घेतली होती, भाजीवाल्यांसाठी. वर्ग सुटेपर्यंत बटण माझ्याजवळ. केंद्रासमोर बाग आहे असं नणंद म्हणते. पाऊस आला तर केंद्राची ओसरी आहे. संध्याकाळच्या गाडीने मी परत. तुझ्या घरी येणार नाही, पाणीही मागणार नाही.

आता ते लिहितो जे लिहिणार नाही म्हटलं होतं. तो गेल्यावर महिन्याभराने तू दोन पिशव्या आणि पोरगी घेऊन दारात उभी राहिलीस आणि मी म्हणालो, "जायचं तर तू जा, बटण इथेच राहील." तू तिला उचललंस आणि चालू लागलीस. ते मी तुझ्या रागाने बोललो नव्हतो. घरातून एक जण गेला होता आणि मला आणखी कोणी गेलेलं बघवणार नव्हतं. हे तेव्हा बोलायला हवं होतं, मी भोंग्यावर बोललो.

तर तू घाबरू नकोस. रविवारी वर्ग सुटला की मी बटणला तुझ्याच हातात देईन आणि माझ्या गाडीकडे वळेन. दर रविवारी देईन. दोन वर्षं देईन. पदवी तुझ्या हातात पडेपर्यंत मला तेवढंच काम.

नको असेल तर वेळापत्रक रद्द कर. नियंत्रकाला त्याची सवय असते.

— बाबा


२१ मार्च

सूनबाई,

तुझं कार्ड आलं. एकच ओळ. तुझ्या सासूबाईंनी ती मला वाचून दाखवली, मग मी त्यांना वाचून दाखवली, मग त्यांनी चष्मा पुसायला लागतोय असं म्हणून कार्ड परत घेतलं.

'बाबा, बिस्किटं आणू नका, तिला खोकला आहे.'

नाही आणत. डॉक्टरांना दाखवलंस का? रात्री खोकते की दिवसा? तुझ्या सासू—म्हणजे तिच्या आजीने लोकरीची टोपी विणायला घेतली आहे, रविवारपर्यंत होईल म्हणते. नाही झाली तर गाडीत मी उरलेली विणेन अशी धमकी दिलीय.

वह्यापेनं आदल्या दिवशी भरून ठेव. सकाळी घाई करू नकोस. पावणेनऊला मी दारात आहे.

— बाबा